पिल्लू चावतं, गुरगुरतं : या चुका टाळा

पिल्लू घरी आलं की पहिले आठ दिवस कौतुकात जातात. मग ते लेकरांच्या पोटऱ्यांना लटकायला लागतं, साडीचा काठ सोडत नाही, आणि भाकरीच्या ताटलीजवळ कुणी गेलं की गुरगुरतं. लगेच घरात निकाल लागतो : "हे चावरं निघालं, आत्ताच ठोकून सरळ करा." नुकसान इथूनच सुरू होतं.

चार-पाच महिन्यांच्या आतलं पिल्लू चावतं ते बहुतेक वेळा खेळाच्या भरात, झोप अपुरी झाल्यानं, भीतीनं किंवा कुठंतरी दुखत असल्यानं. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. कारण न बघता मार दिला तर खेळणारं पिल्लू माणसाला भ्यायला शिकतं आणि भ्यालेलं पिल्लू खरोखर चावायला शिकतं.

खेळ आणि राग यांत फरक न करणं

खेळणाऱ्या पिल्लाचं अंग सैल असतं. ते पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर करतं, चावतं, सोडतं, पळतं, परत येतं. आवाज मोठा करतं, गुरगुरतंही, पण तो आवाज वरखाली होत राहतो.

घाबरलेलं किंवा चिडलेलं पिल्लू ताठ होतं. तोंड मिटतं, कान मागं जातात, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसतं, ओठ उचलला जातो, गुरगुर खालच्या सुरात एकसारखी चालते. सगळ्यांत महत्त्वाची खूण म्हणजे एक-दोन सेकंद जागच्या जागी थिजणं. पुढची हालचाल दातांची असू शकते, म्हणून तिथंच हात थांबवा आणि बाजूला व्हा. शेपूट हलतंय म्हणजे पिल्लू खूश आहे असंही धरू नका. ताठ, उंच धरलेलं आणि भरभर हलणारं शेपूट ताणाचं असतं.

गुरगुरल्याबद्दल मात्र कधीच शिक्षा करू नका. गुरगुरणं ही पिल्लाची सूचना आहे. ती मारून बंद केली तर भीती तशीच राहते आणि सूचना तेवढी जाते. "न गुरगुरता एकदम चावलं" अशी ज्यांची तक्रार असते, त्यांतल्या अनेक कुत्र्यांची गुरगुर लहानपणीच दाबलेली असते.

हातानं कुस्ती खेळणं

घरातला एखादा पोरगा पिल्लाला हातानं डिवचतो, तोंड धरून हलवतो, आणि तेच पिल्लू आजीच्या हाताला लागलं की मार खातं. कोणाचा हात खेळायचा आणि कोणाचा नाही हे त्याला कळत नाही. हात कुणाचाच खेळणं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळायला हवा.

दात टोचले की हात झटक्यानं ओढू नका. ओढलेला हात पिल्लाला पळणाऱ्या सशासारखा वाटतो आणि ते आणखी जोरात धरतं. हात सैल सोडा, बोलणं बंद करा, तोंड फिरवून दहा ते वीस सेकंद स्थिर उभे राहा. ते शांत झालं की गाठ मारलेला दोरीचा तुकडा किंवा रबरी खेळणं पुढं करा आणि त्याच्याशी खेळा. लगोलग तिसऱ्यांदा चावलं तर तुम्ही दाराआड जा, अर्ध्या ते एक मिनिटानं परत या. पिल्लाला ओढत नेऊन कोंडायचं नाही, निघून जायचं ते माणसानं. पहिले काही दिवस चावणं वाढल्यासारखं वाटेल, कारण जुना उपाय चालेना म्हणून पिल्लू तोच जोर लावून पाहतं. नेमकं तेव्हाच बरेच लोक हे सोडून देतात.

जोरात किंचाळा, म्हणजे पिल्लाला कळेल, असंही सांगतात. काही पिल्लं त्यानं थांबतात, काहींना आणखी चेव येतो. तुमचं पिल्लू दुसऱ्या प्रकारचं असेल तर किंचाळणं लगेच बंद करा.

लहान लेकरं पळतात, ओरडतात, पिल्लू मागं लागतं आणि पोटरी धरतं. लेकरांना एकच शिकवा : पिल्लू अंगावर आलं की झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी. आणि पाच-सहा वर्षांच्या आतलं लेकरू आणि पिल्लू यांना मोठं माणूस जवळ नसताना एकत्र सोडायचं नाही.

दातांचा काळ ध्यानात न घेणं

दुधाचे दात अठ्ठावीस असतात आणि सुईसारखे टोकदार. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. या काळात हिरड्या ठणकतात आणि चावायला काहीतरी लागतंच. सुती फडकं ओलं करून गाठ मारा, बर्फाच्या कप्प्यात तासभर ठेवा आणि द्या. फडक्याचे तुकडे गिळत असेल तर काढून घ्या. थंड गाजर, चिवट रबराचं खेळणं चालतं. जुनी चप्पल देऊ नका, कारण जुनी आणि नवी यांतला फरक त्याला कळत नाही. शिजवलेली हाडं देऊ नका, त्यांच्या अणकुचीदार कपच्या घशात किंवा आतड्यात अडकतात. कडब्याची धाटंही नकोत, त्यांची साल धारदार निघते आणि हिरड्या कापते.

झोप मोडणं

पिल्लाला दिवसाला अठरा ते वीस तास झोप लागते. भरल्या घरात जो येतो तो त्याला उचलतो, आणि संध्याकाळी सात-आठच्या सुमारास पिल्लू वेड्यासारखं पळत सगळ्यांना चावत सुटतं. लोक म्हणतात अंगात मस्ती आली, आणि आणखी पळवतात. प्रत्यक्षात ते थकलेलं असतं. तासभर जागं राहिलं की दीड-दोन तास निजू द्या. ओसरीच्या कोपऱ्यात पोतं टाका, तिथं गेलेल्या पिल्लाला कुणी हात लावायचा नाही. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. तेव्हा सावली, वारा आणि दिवसभर स्वच्छ पाणी नसेल तर कोणतंही पिल्लू चिडचिडं होतं.

महिन्याभरात आईपासून तोडणं

डोळे उघडले, भाकर चाटायला लागलं की पिल्लू उचलायचं, ही खेड्यापाड्यांतली रीत आहे. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात भावंडांशी खेळताना पिल्लू दातांचा जोर आवरायला शिकतं. जास्त जोरात चावलं की भावंड ओरडतं आणि खेळ थांबवतं, आई दूर ढकलते. हे शिक्षण माणसाला पुरतं देता येत नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असं केंद्र सरकारच्या कुत्र्यांच्या पैदास-विक्रीबद्दलच्या २०१७च्या नियमांतही आहे. लवकर तोडलेलं पिल्लू आधीच घरी असेल तर ओळखीच्या घरातल्या, लसी पूर्ण झालेल्या शांत मोठ्या कुत्र्याबरोबर रोज थोडा वेळ खेळू द्या. मोठं कुत्रं त्याला हद्द दाखवतं. त्यानं जागेवर दाबून धरलं किंवा पिल्लू लपायला लागलं तर तो खेळ थांबवा.

ताटलीत हात घालणं

"सवय लागावी" म्हणून पिल्लू खात असताना ताटलीत हात घालायचा, अन्न उचलून घ्यायचं, ही चूक फार घरांत होते आणि अन्नावरची राखण त्यानंच वाढते. माणूस जवळ आला की खाणं जातं, हाच धडा त्यातून मिळतो. आपल्याला उलटा धडा द्यायचा आहे : माणूस जवळ आला की खाणं वाढतं.

पिल्लू ताठ होत नाही इतक्या अंतरावरून, समजा पाच-सहा पावलांवरून, जाता जाता ताटलीकडे उकडलेल्या चिकनचा किंवा अंड्याचा लहान तुकडा टाका आणि न थांबता पुढं जा. एका जेवणात चार-पाच वेळा एवढंच करा. तुम्ही दिसलात की ते मान वर करून वाट बघायला लागलं, म्हणजे काम होतंय. तसं तीन-चार दिवस दिसलं की अर्धं पाऊल अंतर कमी करा. ताठ झालं, घास भराभर गिळायला लागलं किंवा गुरगुरलं तर मागच्या अंतरावर परत जा. घाई केली तर आठवड्याचं काम एका दिवसात वाया जातं. हे काम मोठ्यांचं आहे, लेकरांचं नाही.

चप्पल किंवा मोजा पळवला तर मागं धावू नका, पाठलागानं त्या वस्तूची किंमत वाढते. जवळ चांगला तुकडा टाका, ते वस्तू सोडून खायला गेलं की आणखी दोन तुकडे जरा दूर टाका आणि मग वस्तू उचला.

बऱ्याचदा राखणीमागं साधी भूक असते. दिवसातून एकदा दूध-भाकरी पिल्लाला पुरत नाही. तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढं दोन वेळा खायला द्या. ज्वारीच्या भाकरीसोबत उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन, शिजवलेली डाळ असं काही हवं. कांदा-लसूण असलेलं कालवण नको, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. खाण्याची जागाही कोंबड्या, शेळ्या आणि दुसऱ्या कुत्र्यांपासून वेगळी ठेवा.

"तिखट" करण्याचे उद्योग

आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राखणीला कुत्रं तापट हवं म्हणून पिल्लाला मिरची चारणं, कान कापणं, अंधाऱ्या खोलीत कोंडणं, दिवसभर बाभळीला बांधून रात्री सोडणं असे प्रकार आजही होतात. यातल्या एकानंही राखण येत नाही. मिरचीनं तोंड आणि पोट जळतं. कापलेले कान दुखतात आणि शिवाय भीती, मागणी, इशारा सांगायची कुत्र्याची एक खूण कायमची जाते. साखळीला बांधलेल्या पिल्लाला पळून जायची वाट नसते. भीती वाटली की त्याच्याकडे एकच पर्याय उरतो, तो म्हणजे पुढं येऊन भुंकणं आणि चावणं. असं कुत्रं चोर आणि साव ओळखत नाही. ते सालगड्याला चावतं, दूधवाल्याला चावतं आणि घरच्या लेकरालाही चावतं. ज्याला आपण राखण म्हणतो ती जाण चांगल्या जोपासलेल्या कुत्र्यात एक-दीड वर्षाच्या पुढं आपसूक दिसायला लागते.

बांधणं टळत नसेल तर जाळीची बंद पडवी साखळीपेक्षा बरी. रोज दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटं मोकळं फिरवा, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा म्हणजे ओढताना गळा आवळत नाही. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायची हयगय करणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानं गुन्हा आहे, कान कापणंही त्याच कायद्यात बसतं.

पिल्लाला उताणं पाडून मानेला धरून "मालक कोण" ते दाखवायची शिकवणही अशीच घातक आहे. तिचं मूळ १९४७ साली प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणात सापडतं. एकमेकांना अनोळखी लांडगे एका आवारात ठेवले की भांडतात, एवढंच त्यातून दिसलं होतं. मोकळ्या रानातला लांडग्यांचा कळप हे आई-बाप आणि पिल्लांचं कुटुंब असतं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ साली मांडलं. उताणं दाबलेलं पिल्लू शरण जात नाही. ते घाबरून निपचित पडतं आणि पुढच्या वेळी हात वर येताच चावतं.

जग न दाखवणं

तीन ते चौदा आठवड्यांत पिल्लू जे शांतपणे बघतं, ते त्याला पुढं परकं वाटत नाही. याच काळात आपण लसी व्हायच्या म्हणून त्याला घरात कोंडतो. पार्व्हो या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराची भीती खरी आहे, म्हणून लसी पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कुत्र्यांच्या वावराच्या जागी जमिनीवर सोडू नका. पण कडेवर घेऊन दाखवायला काहीच हरकत नाही. फेटा बांधलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, हेल्मेट घातलेला मोटारसायकलवाला, ट्रॅक्टर, बैलं, छत्री, दुरून वाजणारा बँड, रोज एक-दोन गोष्टी आणि प्रत्येकीबरोबर एक चविष्ट तुकडा. तुकडा खात नसेल, शेपूट आत घातलं असेल तर अंतर कमी पडतंय, मागं सरका. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याला कुरवाळायची गरज नाही, बघणं पुरेसं आहे.

आजार न तपासणं

चांगलं असलेलं पिल्लू दोन-चार दिवसांत अचानक चावायला लागलं तर आधी दुखणं शोधा. कानात, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली गोचीड बघा, त्यांच्यामुळं येणाऱ्या तापानं अंग ठणकतं. कानाला वास, पोट फुगलेलं, डांबरी रस्त्यावर भाजलेले तळवे, लंगडणं यातलं काही असेल तर पशुवैद्यकाकडे न्या. माणसांच्या पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या देऊ नका, त्या कुत्र्याच्या जिवावर बेततात. तालुक्याच्या दवाखान्यात उलगडा झाला नाही तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. झटके येणं, डोळ्या-नाकातून घाण, तोल जाणं असेल तर एक दिवसही थांबू नका.

दुखणं नसतानाही पिल्लू ठरावीक माणसाला बघून थिजत असेल, एकाच जागी दोन-तीनदा रक्त निघेल इतकं चावलं असेल, किंवा धरलेलं सोडत नसेल, तर घरगुती प्रयोग थांबवून पशुवैद्यकाचा आणि मार न देणाऱ्या प्रशिक्षकाचा सल्ला घ्या. वय वाढलं की आपोआप जाईल, ही आशा अशा वेळी महागात पडते.

चावल्यावर हळद, चुना, मिरची लावणं

पिल्लालाही रेबीज होऊ शकतो, आणि लक्षणं दिसू लागली की त्यावर इलाज नाही. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर द्या, पुढचा डोस पशुवैद्यक सांगतील तेव्हा आणि मग दरवर्षी. माणसाला दात लागून ओरखडा जरी उठला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची, तंबाखू काही लावू नका, घट्ट पट्टी बांधू नका, मंत्र-ताईत करत बसू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. कातडीत द्यायची लस असेल तर ती पहिल्या दिवशी आणि मग त्या दिवसापासून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी असते. रक्त निघालं असेल तर जखमेत द्यायच्या रेबीजविरोधी सीरमबद्दल (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) डॉक्टरांना स्वतःहून विचारा. पिल्लाला मारून टाकू नका किंवा दूर नेऊन सोडू नका, त्याला बंदिस्त ठेवून दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. मात्र ते दहा दिवस संपायची वाट बघत लस लांबवू नका, पहिला डोस आजच घ्या.