ॲक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्रॅम) डायलॉग, म्हणजे मध्येच उघडणारी खिडकी, आपोआप बंद होत नाही? कोड असा तपासा

आधी समोरची खिडकी कोणाची ते ओळखा. तुम्ही बनवलेला फॉर्म, मेसेजबॉक्स, की 'एवढ्या ओळी जोडू का?' असं ॲक्सेसनेच विचारलंय? तिघांचे उपाय वेगळे आहेत.

फॉर्म असेल तर कोडमधली ओपनफॉर्मची, म्हणजे फॉर्म उघडणारी, ओळ बघा. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. फॉर्म डायलॉग मोडमध्ये उघडला की तो बंद होईपर्यंत किंवा लपवेपर्यंत मूळ कोड त्याच ओळीवर अडून राहतो. खाली लिहिलेल्या डूकमांड क्लोजपर्यंत, म्हणजे बंद करायच्या आज्ञेपर्यंत, पाळी येतच नाही. म्हणून बंद करायचा कोड त्या फॉर्मच्याच टायमर इव्हेंटमध्ये (ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) टाका.

मग टायमर इंटरव्हल तपासा. आकडा मिलिसेकंदांत असतो: तीन सेकंदांसाठी ३०००. शून्य असेल तर टायमर बंदच. ऑन टायमर प्रॉपर्टीत 'इव्हेंट प्रोसीजर' दिसतंय ना, तेही बघा. कोड दुसरीकडून आणून चिकटवला की ही जागा हमखास रिकामी राहते आणि कोड हूं की चूं करत नाही. शंका असेल तर पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड थांबवणारी खूण, लावा. तिथे थांबला नाही, तर इव्हेंट चालतच नाहीये.

भलतीच खिडकी बंद होते? नुसतं डूकमांड क्लोज त्या क्षणी जे पुढे असेल ते मिटवतं. एसीफॉर्म (बंद करायचाय तो फॉर्म आहे हे सांगायला) आणि मी-डॉट-नेम (त्याच फॉर्मचं नाव) नेहमी द्या. त्याआधी मी-डॉट-डर्टी फॉल्स करून रेकॉर्ड सेव्ह करा. आवश्यक फील्ड रिकामं असेल तर क्लोज चकार शब्द न काढता नोंद टाकून देतं. क्लोजला देता येणारं एसीसेव्हनो ('सेव्ह करू नको') फॉर्मच्या डिझाइनपुरतं आहे, डेटाशी त्याचा संबंध नाही.

मेसेजबॉक्सला वेळमर्यादा नसते. विंडोज एपीआयने (विंडोजच्या स्वतःच्या फंक्शन्सनी) शीर्षक शोधून तो मिटवता येतो, पण नुसती 'हो' आणि 'नाही' बटणं असलेला बॉक्स त्यालाही दाद देत नाही. त्यापेक्षा टायमर असलेला छोटा फॉर्म बनवा, कटकट संपते.

ॲक्सेसचे प्रश्न टाळायला सेटवॉर्निंग्ज फॉल्स करू नका, म्हणजे इशारे बंद करू नका. मध्येच एरर आली तर ते तसंच राहतं आणि पुढची डिलीट क्वेरी न विचारता चालते. क्वेरी न विचारता चालवणारं करंटडीबी एक्झिक्यूट वापरा, सोबत डीबीफेलऑनएरर द्या, म्हणजे चूक झाली तर एरर कळेल. क्वेरीत फॉर्ममधल्या कंट्रोलचा उल्लेख असेल तर ३०६१ (पॅरामीटर कमी पडले) एरर येईल. तिथे ती व्हॅल्यू पॅरामीटर म्हणून पाठवा.