सहनिवासाच्या संकेतस्थळावर येणाऱ्याला काय हवे असते

सहनिवास, म्हणजेच को-हाउसिंग, ही अशी वसाहत, जिथे प्रत्येक कुटुंबाचे घर स्वतंत्र असते, पण भोजनगृहासारख्या सोयी सामायिक असतात आणि रहिवासी कामे वाटून घेतात. तिचे संकेतस्थळ तयार करताना रहिवासी सगळा जीव बहुधा ‘आमची मूल्ये’ या पानावर ओततात. घर शोधणारा मात्र तीन रोखठोक प्रश्न घेऊन आलेला असतो: घर रिकामे आहे का, ते कितीला पडेल आणि तिथे राहायला गेल्यावर माझ्याकडून कोणती अपेक्षा असेल? या प्रश्नांची उत्तरे पहिल्याच पानावर असावीत.

रिकाम्या घरांची नोंद तारखेसह द्यावी. घर नसेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि प्रतीक्षायादीत नाव घातल्याने कोणता हक्क मिळतो व कोणता मिळत नाही, तेही सांगावे. वसाहत अजून उभी राहायची असेल, तर जागेचा शोध चालू आहे, जागा ताब्यात आली आहे की बांधकाम सुरू झाले आहे, हे लपवू नये. डेन्मार्कमध्ये वास्तुरचनाकार यान गुडमन-हॉयर यांनी १९६४ साली मित्रांबरोबर अशा वसाहतीची आखणी सुरू केली. शेजाऱ्यांच्या विरोधामुळे पहिली जागा सोडावी लागली आणि त्यांची स्क्रोप्लानेट ही वसाहत १९७३ साली उभी राहिली. इतकी वर्षे थांबायची ज्याची तयारी नाही, त्याला ते आधीच कळलेले दोघांच्याही सोयीचे असते. संकल्पचित्राखाली ‘संकल्पचित्र’ असे लिहायला तर विसरूच नये.

पैशांबाबत आधी एक शंका दूर करावी लागते. प्रत्येक कुटुंबाचे घर, स्वयंपाकघर आणि उत्पन्न स्वतंत्र असते, सामायिक असतात त्या सामूहिक भोजनगृहासारख्या सोयी, ही गोष्ट नवख्याला ठाऊक असेलच असे नाही. त्यानंतर घर स्वतःच्या नावावर होते, सहकारी संस्थेच्या मालकीचे राहते की भाड्याने मिळते, हे सांगावे, कारण कर्ज मिळणे आणि पुढे घर विकता येणे यावरच अवलंबून असते. मासिक वर्गणीचा नुसता आकडा देऊन भागत नाही. तीत विमा, वीज आणि छपरासारख्या मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी धरला आहे का, हेही जाणकार वाचक शोधतो.

सर्वांत जास्त कुचराई होते ती कामाच्या बाबतीत. ‘प्रत्येक जण यथाशक्ती हातभार लावतो’ या वाक्यातून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी स्वयंपाकाची पाळी कितीदा येते, त्या दिवशी भाजी चिरण्यापासून भांडी आवरण्यापर्यंत किती तास जातात, आजारी माणसाची पाळी कोण घेतो आणि वारंवार पाळी चुकवणाऱ्याचे काय होते, हे लिहावे. मागच्या महिन्याचा पाळ्यांचा तक्ता, नावे झाकून पण खाडाखोडीसकट, जसाच्या तसा लावला तर तो कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक सांगून जातो.

निर्णयप्रक्रियेचेही तसेच आहे. निर्णय सहमतीने होत असतील तर एकट्या सदस्याला निर्णय अडवता येतो का, सहमती न झाल्यास बहुमताचा मार्ग खुला आहे का, भाडेकरूला मत असते का आणि नव्या सदस्याला ते केव्हा मिळते, हे प्रश्न घर घेणाऱ्याच्या डोक्यात असतातच. वाद होत नाहीत असा आव आणू नये. त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यांवरून किंवा सामायिक दालनातल्या रात्रीच्या गोंगाटावरून खरोखर झालेला एखादा वाद संबंधितांच्या संमतीने व नावे गाळून मांडावा आणि तो मिटायला किती बैठका लागल्या, शेवटी नियम काय ठरला, हे लिहावे. असे पान वाचून जो माघार घेईल, त्याची माघार राहायला येण्याआधी झालेलीच बरी.

पाळीव प्राणी, धूम्रपान आणि पाहुण्यांचे नियम थोडक्यात द्यावेत. वाहने वसाहतीच्या कडेला ठेवण्याची पद्धत असेल तर तिथपासून घराच्या दारापर्यंतचे अंतर आणि वाटेतल्या पायऱ्या नमूद कराव्यात. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याचा निर्णय एवढ्याच माहितीवर ठरू शकतो. मुलांची छायाचित्रे पालकांच्या परवानगीशिवाय लावू नयेत.

भेटीचा दिवस कोणता, त्या दिवशी सामूहिक जेवणाला बसता येते का, पाहुण्यांच्या खोलीत एखादी रात्र राहता येते का आणि पत्राला उत्तर कोण व किती दिवसांत देतो, हे प्रत्येक पानाच्या तळाशी असावे. हे काम एका ठरावीक रहिवाशाकडे सोपवावे आणि तो गावाला गेल्यास त्याच्या जागी कोण, तेही आधीच ठरवून ठेवावे.