घरच्या घरी ब्रेनवेव्ह बघायच्या कशा, आणि त्यांचं टायमिंग कसं वाचायचं

ब्रेनवेव्ह (मेंदूतल्या विजेच्या लाटा) म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, माझी अल्फा (त्यातलीच एक लाट) कमी आहे का जास्त? पण ती किती आहे त्यापेक्षा लाटेचा चढउतार कधी होतो हे बघण्यात जास्त मजा आहे.

आधी अल्फा दिसू तर दे. आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), एक ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद घेणारा अँप्लिफायर (बायोअँप ईएक्सजी पिल चालतो) आणि तीन इलेक्ट्रोड बास. डोक्याच्या मागे हाताला जो हाडाचा उंचवटा लागतो ना, त्याच्या दोन बोटं वर थोडं बाजूला एक, आणि बाकीचे दोन दोन्ही कानांमागच्या हाडावर. केस नीट बाजूला करा आणि कातडी स्पिरिटने पुसा, तेल लावलं असेल तर काही खरं नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवरच चालवा, एकतर ते सेफ आहे आणि वर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० वेळा) घरघर पण कमी होते. दात आवळले तर सगळी रेघ थयथयाट करते, तो मेंदू नाही, जबड्याचे स्नायू आहेत.

आता डोळे मिटा. साधारण ८ ते १३ हर्ट्झच्या गोल लाटा, म्हणजेच अल्फा, फुगत-ओसरत येतील, डोळे उघडले की गायब. जर्मनीत येना इथे हान्स बर्गरने १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी घेतला आणि १९२९ मध्ये छापला, तेव्हा त्यालाही हेच दिसलेलं.

आता टायमिंग. अगदी फिकट चमक दाखवली तर ती दिसते का निसटते हे थोडंफार त्या क्षणी लाट कुठल्या टप्प्यावर आहे यावर असतं, असं २००९ च्या प्रयोगांत दिसलं. झोपेतही तेच, एका सेकंदापेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या संथ लाटेच्या चढावर झोपेचे स्पिंडल (जलद लाटांचे छोटे झटके) नीट बसले तर आठवणी पक्क्या व्हायला मदत होते, आणि वयानुसार हा मेळ बिघडतो.

दोन चॅनल (डोक्यावर दोन जागी इलेक्ट्रोड) लावून ताल जुळतो का बघायचं असेल तर दोघांतला फेजचा, म्हणजे लाटेच्या टप्प्याचा, फरक टिकून राहतो का ते मोजा. पण फरक बरोब्बर शून्य आला तर लगेच नाचू नका, कानामागचा रेफरन्स (ज्याच्या तुलनेत मोजतो तो इलेक्ट्रोड) दोघांना एकच असतो शिवाय कवटीतून करंट पसरतो, त्यामुळे एकच सिग्नल दोनदा मोजला जातो.

आणि सिंक (ताल जुळणं) जास्त म्हणजे मेंदू भारी असं अजिबात नाही. अॅबसन्स फिट्समध्ये (मिरगीचा एक प्रकार) जवळजवळ अख्खा मेंदू ३ हर्ट्झवर एकत्र धडधडतो आणि मूल बोलता बोलता काही सेकंद नुसतं बघत राहतं. असं काही दिसलं तर हा बोर्ड ठेवा बाजूला आणि सरळ न्यूरोलॉजिस्टकडे जा.