पॉइंटकट नको तिथे लागतोय? आधी जॉइन पॉइंट छापून बघा

पॉइंटकट म्हणजे जास्तीचा कोड प्रोग्रॅममध्ये कुठे लागावा हे सांगणारं एक्स्प्रेशन. तो भलत्याच जागी लागला की हात आधी त्या एक्स्प्रेशनकडे जातो. एक तारा काढायचा, एक टिंब वाढवायचं, पुन्हा चालवून बघायचं. मीही अशीच दोन दिवस चाचपडले. वेळ मोजणारा आमचा आस्पेक्ट (असा जास्तीचा कोड एकत्र ठेवणारा भाग) स्प्रिंग एओपीवरून, म्हणजे जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमधल्या प्रॉक्सीवर चालणाऱ्या सोयीवरून, ॲस्पेक्टजेच्या वीव्हिंगवर, म्हणजे कोड थेट क्लासमध्ये विणण्यावर नेला आणि प्रत्येक मेथडची नोंद लॉगमध्ये दोनदा येऊ लागली. पॉइंटकट एवढाच होता: @ॲनोटेशन(मोजमाप), म्हणजे 'मोजमाप' ही खूण लावलेल्या मेथड. त्यातलं अक्षरही बदललेलं नव्हतं.

शेवटी ॲडव्हाइसच्या (आस्पेक्टमधल्या प्रत्यक्ष चालणाऱ्या कोडच्या) पहिल्याच ओळीत जॉइन पॉइंटचं, म्हणजे तो कोड जिथे लागतो त्या जागेचं, गेटकाइंड (प्रकार) आणि गेटसोर्सलोकेशन (फाइल आणि ओळ) छापलं. पहिल्या नोंदीपुढे 'मेथड-कॉल', दुसरीपुढे 'मेथड-एक्झिक्यूशन'. ओळ क्रमांकही वेगळे: एक मेथड बोलावणाऱ्या फाइलमधला, दुसरा खुद्द मेथडचा. स्प्रिंग एओपी फक्त एक्झिक्यूशन पकडतं, ॲस्पेक्टजे कॉलसुद्धा पकडतं. पॉइंटकटला && एक्झिक्यूशन(* *(..)) जोडलं आणि नोंद एकदाच येऊ लागली.

म्हणून तुम्हीही आधी हे दोन तपशील छापा. मात्र स्प्रिंगच्या प्रॉक्सीत सोर्सलोकेशनकडे फाइलचं नाव मागितलं तर एक्सेप्शन येतं. तिथे गेटसिग्नेचर (मेथडची ओळख) छापलेलं पुरतं.

प्रकार बरोबर असेल आणि जागा चुकीची, तर मग एक्स्प्रेशन वाचा. सर्व्हिस.* म्हणजे त्या एकाच पॅकेजमधले क्लास, सर्व्हिस..* म्हणजे खालची सगळी पॅकेजेसही. आर्ग्स(सीरियलायझेबल) हे मेथडच्या घोषणेतला टाइप बघत नाही, चालू असताना हातात आलेली वस्तू बघतं. त्यामुळे ऑब्जेक्ट घेणाऱ्या मेथडला स्ट्रिंग दिली तरी ते जुळतं. आणि कंस! विदिन म्हणजे त्या क्लासच्या आतला कोड. विदिन(अ) || विदिन(ब) && !विदिन(क) यात && आधी लागतो, म्हणजे 'क'ची वगळणी फक्त 'ब'ला मिळते. कोड रिव्ह्यूमध्ये ही चूक डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून मी गरज नसली तरी कंस घालते.

ॲस्पेक्टजेत आस्पेक्ट स्वतःच्याच मेथडला लागून स्टॅक ओव्हरफ्लो झाला, तर !विदिन मध्ये त्याच आस्पेक्टचं नाव द्या.

ॲस्पेक्टजेच्या कंपायलरला -शोवीव्हइन्फो दिलं की कोणता ॲडव्हाइस कुठे विणला गेला ते ओळीओळीने दिसतं. पॉइंटकट बदलण्याआधी मी ती यादी फाइलमध्ये ठेवते, बदलानंतर पुन्हा काढते आणि दोन्हींचा डिफ (फरक) बघते. अपेक्षेपेक्षा एक जरी ओळ जास्त दिसली, तरी तो बदल मर्ज करत नाही.