परदेशातल्या संघर्षावरची अमेरिकी आणीबाणी वर्षभर पुढे कशी नेतात

परदेशातल्या संघर्षावरून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेली राष्ट्रीय आणीबाणी, जिच्या आधारे मालमत्ता गोठवण्यासारखे निर्बंध लादले जातात, वर्ष भरलं की आपोआप संपते. ती टिकवायची असेल तर १९७६च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्याच्या कलम २०२(डी) प्रमाणे दोन गोष्टी कराव्या लागतात: आणीबाणी पुढे चालू राहील अशी नोटीस फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, छापायची आणि तीच काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, पाठवायची. दोन्ही गोष्टी वर्ष पूर्ण होण्याआधीच्या ९० दिवसांत झाल्या पाहिजेत. सगळं काम या तारखांभोवतीच फिरतं, मजकूर त्या मानाने सोपा.

म्हणून आधी तारीख पक्की करा. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचं उदाहरण घ्या. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी २७ ऑक्टोबर २००६ ला कार्यकारी आदेश १३४१३ काढून ही आणीबाणी जाहीर केली. ओबामांनी ८ जुलै २०१४ ला आदेश १३६७१ काढून त्यात बदल केले. वर्ष मोजायचं ते २७ ऑक्टोबरपासून. नंतरच्या आदेशाने आणीबाणीची व्याप्ती बदलली तरी तिची जन्मतारीख बदलत नाही. सुदानमध्ये हा गुंता जास्त आहे: मूळ आदेश १३०६७ हा ३ नोव्हेंबर १९९७ चा, २००६ मध्ये दारफूरसाठी आदेश १३४०० ची भर पडली, २०१७ मध्ये निर्बंधांचा मोठा भाग उठला आणि २०२३ मध्ये आदेश १४०९८ ने नवे निर्बंध आले. २०१७ मध्ये निर्बंध उठले म्हणून आणीबाणी संपली असं मानणारे पुष्कळ भेटतात. ती संपली नव्हती, आणि म्हणूनच २०२३ चा आदेश तिच्यावरच उभा राहू शकला. अशा वेळी नोटिशीत मूळ आदेश आणि नंतरचे बदल क्रमांक व तारखेसह लिहायचे, नाहीतर नेमकं काय चालू ठेवलं यावर वाद निघतो.

आता ९० दिवस मागे मोजा. २७ ऑक्टोबरच्या आणीबाणीसाठी खिडकी २९ जुलैला उघडते. कोणी उत्साहाने जूनमध्येच नोटीस काढली तर ती खिडकीबाहेर पडते. पण खरा धोका दुसऱ्या टोकाला असतो. फेडरल रजिस्टर शनिवार, रविवार आणि केंद्रीय सुट्ट्यांना निघत नाही. २०२५ मध्ये २७ ऑक्टोबर सोमवारी होता, म्हणजे त्याआधीचा शेवटचा अंक शुक्रवारी, २४ तारखेला. रविवारी रात्री सही करून चाललं नसतं, कारण कायदा सहीबद्दल नाही, छापण्याबद्दल आणि पाठवण्याबद्दल बोलतो. शेवटच्या अंकाच्या निदान आठवडाभर आधी सही झालेली बरी.

मजकूर एका पानात बसतो. पहिल्या परिच्छेदात कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने, कोणत्या परिस्थितीवर आणीबाणी जाहीर झाली ते लिहायचं. पुढे ती परिस्थिती आजही कशी चालू आहे: काँगोच्या बाबतीत व्यापक हिंसाचार, अत्याचार आणि शेजारी देशांना पोचणारी झळ. मग सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, की या परिस्थितीमुळे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षेला आणि परराष्ट्र धोरणाला नेहमीपेक्षा वेगळा आणि असाधारण धोका अजूनही आहे. ही शब्दरचना आंतरराष्ट्रीय आणीबाणी आर्थिक अधिकार कायद्यातून, म्हणजे १९७७ च्या कायद्यातून येते. मालमत्ता गोठवण्याचा अधिकार त्याच कायद्यातून मिळतो, त्यामुळे इथे शब्दांशी खेळू नये. शेवटी कलम २०२(डी)चा उल्लेख, ‘एक वर्षासाठी चालू’ हे स्पष्ट विधान, आणि नोटीस छापून काँग्रेसला पाठवावी असा आदेश.

मूळ नोटीस फेडरल रजिस्टरच्या कार्यालयात जाते. सोबतची पत्रं प्रतिनिधिगृहाच्या सभापतींना आणि सिनेटच्या अध्यक्षांना. प्रतिनिधिगृहात ती परराष्ट्र व्यवहार समितीकडे जातात, सिनेटमध्ये बँकिंग समितीकडे. पोच मिळवून ती जपून ठेवा.

नोटीस गेली म्हणजे वर्षभराची सुट्टी लागली असं नाही. दर सहा महिन्यांनी आणीबाणीवरच्या खर्चाचा अहवाल काँग्रेसला द्यावा लागतो, तो त्या सहामाहीनंतर ९० दिवसांत. हे काम सहसा मूळ आदेशातच अर्थमंत्र्यांकडे सोपवलेलं असतं. दर सहा महिन्यांनी दोन्ही सभागृहांनी आणीबाणी संपवावी का यावर विचार करावा असंही कायदा म्हणतो, पण ते कलम दशकानुदशकं कागदावरच राहिलं. संपवायचीच तर संयुक्त ठराव लागतो, आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतात. मेक्सिको सीमेच्या आणीबाणीवर मार्च २०१९ मध्ये नेमकं तेच झालं.

तारीख चुकली तर? आणीबाणी संपते, आणि तिच्यावर टेकलेल्या आदेशांचा आधारही जातो. काँगोच्या आदेशाखाली २० फेब्रुवारी २०२५ ला रवांडाचे मंत्री जेम्स काबारेबे यांच्यावर निर्बंध लादले गेले. निर्बंधांच्या यादीतली अशी प्रत्येक नोंद त्या आणीबाणीच्या जिवावर जगते. आधी घडलेल्या उल्लंघनांची कारवाई आणि दंड मात्र चालूच राहतात, तेवढं कलम २०२ ने राखून ठेवलं आहे. १९७७ च्या कायद्यात गोठवलेली मालमत्ता काही काळ धरून ठेवण्याची एक वाट आहे, पण ती त्या देशाशी संबंधित दाव्यांपुरतीच. बाकी सगळ्यासाठी नवी आणीबाणी, नवा आदेश आणि काँग्रेसला नवा अहवाल लागतो. मधल्या दिवसांत खात्यांतून पैसे निघून गेले तर ते परत येत नाहीत.

आणीबाणी खरोखरच नको असेल तरीही तारीख नुसती उलटू देऊ नये. लायबेरियाची २०१५ मध्ये, आयव्हरी कोस्टची २०१६ मध्ये आणि बुरुंडीची २०२१ मध्ये संपली, तेव्हा प्रत्येक वेळी वेगळा कार्यकारी आदेश निघाला. त्यात मूळ आदेश नावानिशी रद्द करता येतो, परिस्थिती का निवळली ते नोंदवता येतं, आणि बँकांना कोणत्या दिवसापासून खाती मोकळी करायची ते नेमकं कळतं.