बारशाआधी, सहीआधी: बाळाच्या नावाच्या स्पेलिंगची तयारी

बाळाचे नाव ठरवायला घरात माणसांची वाण नसते. आत्याचा मान असतो, आजीला कुलदेवतेचे नाव हवे असते, भटजींनी चरणाक्षर काढून दिलेले असते. स्पेलिंगचा विषय मात्र निघतो तो फॉर्म पुढ्यात आल्यावर. आपण गोव्यात घरात मराठी बोलू, शेजारी कोकणी बोलू, पण जन्मदाखल्यापासून पासपोर्टापर्यंत नाव चालते ते इंग्रजी अक्षरांत. म्हणून ही तयारी बारशाच्या सामानाबरोबरच सुरू करावी.

आधी मुदती समजून घ्या, म्हणजे घाई होणार नाही. जन्म 21 दिवसांत कळवायचा असतो आणि बाळंतपण इस्पितळात झाले असेल तर ते काम इस्पितळच करते. नाव तेव्हाच द्यायला हवे असे नाही. नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद होते, पुढे 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा खाटेशेजारी कोणी फॉर्म घेऊन उभे राहिले म्हणून सुचेल ते लिहून देऊ नका. मात्र फार रेंगाळूही नका. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. शिवाय नोंद होते ती जन्म झाला त्या जागी. घर वाळपईला आणि बाळंतपण बांबोळीला, तर खेपा बांबोळीच्या बाजूला. रजा तशी राखून ठेवा.

मग आडनाव. हे सोपे वाटते, पण गोव्यात सोपे नाही. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या कागदांत ‘क’साठी सी किंवा क्यू, ‘श’साठी एक्स अशी अक्षरे असतात. काणकोण अजून सीने आणि केपे क्यूनेच लिहितात, तसेच हे. नाईक तिथे क्यू-यू-ई लावून संपतो, कामत ‘कामोती’सारखा दिसतो. 1961 नंतर कोणी इंग्रजी वळण घेतले, कोणी जुनेच ठेवले, आणि एकाच घरात गावकरांची दोन-तीन स्पेलिंगे झाली. बाळासाठी नियम एकच धरा: आईवडिलांच्या चालू आधार आणि पासपोर्टवर आहे ते. त्या दोघांच्याच कागदांत मेळ नसेल तर आधी तो घाला, बाळाचा दाखला नंतर. घराण्याचे जुने स्पेलिंग परत आणायची हौस असेल तर ती पाळण्यावरच्या पाटीवर भागवावी.

आता खरे काम, म्हणजे नाव. यादीतून दोन-तीन नावे उरली की प्रत्येकाचे स्पेलिंग मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा आणि ज्याने ते नाव ऐकलेले नाही अशा माणसाला वाचायला द्या. नातेवाईक नको, त्यांना उत्तर ठाऊक असते. फार्मसीवाला, बँकेतला ओळखीचा, शेजारचे फर्नांडिस अंकल चालतील. सई हे नाव एस-ए-आय असे लिहिलेत तर दहापैकी नऊजण ‘साई’ म्हणतील आणि मुलगा समजतील. ऋता तर गोव्यात हमखास फसते. आर-आय-टी-ए लिहिलेत की ती झाली रीटा, आणि हजेरी घेणाऱ्या टीचरला त्यात काही वावगे वाटणारही नाही. तिथे ‘आय’ऐवजी ‘यू’ घाला, मराठी उच्चाराच्या जवळ जाते. ज्ञानदाला डी-एन-वाय लिहायचे की जी-वाय, हे आजच ठरवा. मराठी माणूस पहिले लिहितो, पण दिल्लीकडचा माणूस ते वाचताना अडखळतो. ‘ळ’ला इंग्रजीत जागाच नाही, ते दुःख सोडून द्या.

दीर्घ ‘आ’साठी दोन ए घालायची हल्ली पद्धत आहे. आरवसारख्या नावात ते ठीक. पण अंकशास्त्राने सुचवले म्हणून मध्येच एखादा जादा एच किंवा शेवटी दुसरा ए चिकटवणार असाल तर माझे मत विचाराल तर नको. त्या मुलाला जन्मभर फोनवर ‘डबल ए, मग एच’ सांगत बसावे लागते. तरी घ्यायचेच असेल तर पहिल्याच कागदावर घ्या, नंतर नको.

फोनवरून सांगून बघायची चाचणीही करा. बारशाच्या केकची ऑर्डर बेकरीत फोनवरूनच द्या, नाव फक्त उच्चारा, स्पेलिंग सांगू नका. क्रीमने जे उमटून येईल ते पाहा. तुमच्या स्पेलिंगशी जुळले तर उत्तम. नाही जुळले तर लोकांच्या हाताला सहज काय येते ते कळले, आणि केक काही वाया जात नाही. देवनागरीही त्याच बैठकीत पक्की करा. अनिता की अनीता, हा प्रश्न मराठी शाळेच्या रजिस्टरपुढे उभे राहून सोडवायचा नसतो.

टोपणनावाची चर्चा कोणी करत नाही, ते आपोआप पडते. तरी थोडे लक्ष ठेवा, कारण आपल्याकडे ते चिकटते. 2019 ते 2022 या काळात राज्यात दोन उपमुख्यमंत्री होते, मनोहर आजगावकर आणि चंद्रकांत कवळेकर, आणि दोघेही ‘बाबू’. तेव्हा सोनू, पिंकू, बाबलो म्हणताना ते पन्नाशीतल्या माणसाला कसे शोभेल हे एकदा मनात म्हणून पाहा. घरात आधीच एखादा बाबू असेल तर दुसरा नको, नाहीतर हाक मारल्यावर काका येतो. टोपणनावाचे स्पेलिंग मात्र ठरवत बसू नका. आणि ते लसीकरणाच्या कार्डावर कधीही लिहू देऊ नका. नाव पक्के होईपर्यंत तिथे आईचेच नाव राहू द्या. राशीचे नाव वेगळे असेल तर तेही पत्रिकेत राहू दे, फॉर्मवर ‘ऊर्फ’ नको.

नोंदणी कार्यालयात जाताना नाव तोंडी सांगू नका, ठळक लिहिलेली चिठ्ठी न्या. कारकून टाइप करतो तेव्हा पडद्याकडे बघा, बी आणि व्ही, ई आणि आय, एन आणि एम एकेक करून ताडा. छापून आले की बाळाचे, आईचे, वडिलांचे अशी तिन्ही नावे बोट ठेवून वाचा आणि मगच खिडकी सोडा. टंकनातली चूक दुरुस्त होते. नावच बदलायचे म्हटले तर गोव्यात त्यासाठी 1990 चा वेगळा कायदा आहे आणि मग वर्तमानपत्रात नोटीस, हरकतींची मुदत हे सगळे आले. आधारवरही नावातला बदल जन्मात दोनदाच करता येतो, आणि मुलाला पाचव्या व पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे द्यायला तसेही जायचेच असते.

पासपोर्टच्या फॉर्मवर नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत विचारतात. दाखल्यावर बापाचे नाव मध्ये घालणार की नाही, याचा निर्णयही म्हणून आधीच घ्या, आणि थोरल्या मुलाचे जसे केले तसेच धाकट्याचे करा.