वॅगनचा मागचा स्वे बार आधी, बाकी सगळं नंतर

माझ्याकडे २००२ ची सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स वॅगन आहे, दोन लिटर टर्बो, २२७ हॉर्सपावर, पाच गिअरची मॅन्युअल. राहतो मॅसॅच्युसेट्सला, म्हणजे हिवाळाभर रस्त्यावर मीठ आणि मार्च उजाडला की खड्डे. या गाडीवर माझा फार जीव आहे. मागे दोन मुलं, किराणा, स्की, कधी चार टायर असं सगळं मावतं आणि तरी घाटासारखा वळणाचा रस्ता आला की मजा येते. पण कंपनीतून आली तशी ही गाडी वळणात पुढून सरकते, स्टिअरिंग फिरवलं तरी नाक बाहेरच जातं, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात कारण ते डायरेक्ट लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारे आखूड स्प्रिंग) मागवतात. म्हणून मी ज्या क्रमाने केलं, आणि जे उलट्या क्रमाने करून निस्तरलं, ते सगळं इथे नीट लिहितोय.

आधी दुखणं समजून घ्या. स्वे बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा, जो वळणात गाडीचं झुकणं रोखतो. याच गाडीच्या सेडानला मागे २० मिमीचा स्वे बार यायचा आणि वॅगनला १७ चा. तीन मिलिमीटर म्हणजे काय एवढं असं वाटतं ना, पण भरीव बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, त्यामुळे १७ वरून २० ला गेलात की बार जवळजवळ १.९ पट कडक होतो आणि २२ ला गेलात तर २.८ पट. वळणात बाहेरच्या चाकांवर वजन जातंच, ते कोणी थांबवू शकत नाही, पण त्यातलं पुढच्या चाकांनी किती उचलायचं आणि मागच्यांनी किती, ही वाटणी स्वे बारने बदलता येते. मागचा बार कडक केला की मागचं बाहेरचं चाक जास्त भार घेतं, पुढच्या बाहेरच्या टायरवरचं ओझं कमी होतं आणि नाक आत यायला लागतं. नुसता पुढचा बार जाड केला तर बॉडी कमी झुकते, सीटवर बसून छान वाटतं, पण नाक सरकणं बहुतेक वेळा वाढतंच. झुकणं हा आपला शत्रू नाही, नाक सरकणं आहे.

त्याच्याही आधी टायर बघा. तेव्हा कंपनीतून २०५/५५ आर१६ साईजचे ब्रिजस्टोन आरई९२ यायचे, आता त्या जागी कोणाकडे काहीही असेल, पण टायर कडक पडलेले असतील तर स्वे बारचा फरक तुम्हाला कळणारच नाही. मग जॅक लावून चाक घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून हलवा, नंतर ३ आणि ९ वर. लटपट जाणवली तर बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड यातलं काय गेलंय ते आधी शोधा. वीस वर्षांपुढच्या गाडीत कंट्रोल आर्मचे (चाकाला बॉडीशी जोडणारा दांडा) रबरी बुश फाटलेले असतातच. तिथे नवीन बुश टाकणं हे निम्मं सस्पेन्शन अपग्रेड आहे, फक्त त्याचा फोटो काढून कोणाला दाखवता येत नाही म्हणून कोणी करत नाही.

आता मागचा बार. पैसे कमी असतील तर त्याच पिढीच्या सेडानचा वापरलेला २० मिमीचा बार भंगारवाल्याकडून आणा, वॅगनला बसतो, फक्त बुश पण २० मिमीचेच घ्या. नवीन घ्यायचा असेल तर व्हाइटलाइन वगैरे कंपन्यांचा २२ मिमीचा ॲडजस्टेबल. २४ वर रोजच्या गाडीत जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, आणि बर्फात चालवणारी असेल तर अजिबातच नको, कारण मागचं आतलं चाक लवकर हलकं होतं आणि निसरड्यावर गाडीचं ढुंगण अचानक सुटतं. स्वतःच्या गाडीवर आधी काय आहे ते नेटवर शोधत बसण्यापेक्षा व्हर्नियर घेऊन मोजा, जुन्या गाड्यांवर आधीच्या मालकाने काय लावलंय सांगता येत नाही.

बारसोबत दोन गोष्टी त्याच दिवशी घ्याच. एक म्हणजे एंड लिंक, बारचं टोक चाकाकडच्या भागाला जोडणारी छोटी दांडी. या गाडीवर मूळचे प्लास्टिकचे असतात, जाड बारपुढे ते वाकतात, म्हणजे बार काम करायच्या आधी लिंकच फ्लेक्स होते. दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं, मागचे माउंटिंग ब्रॅकेट. बार ज्या पत्र्याच्या ब्रॅकेटने बॉडीला धरलेला असतो तो १७ मिमीच्या हिशोबाने बनवलाय, २२ चा बार त्याला दर वळणात वाकवतो. मी पहिल्यांदा पैसे वाचवायला ब्रॅकेट तेच ठेवले होते. सात-आठ महिन्यांनी पार्किंगमधून निघताना मागून टक्‌ असा एकच आवाज यायचा, मला वाटलं शॉकॲब्जॉर्बर गेला. खाली झोपून बॅटरी मारली तेव्हा दिसलं, डाव्या ब्रॅकेटला जिथे पत्रा दुमडलाय तिथे केसाएवढी चीर, चिरेच्या कडेने ताजा नारिंगी गंज, आणि बोटाने दाबलं की ती उघडत होती. आणखी एक हिवाळा गेला असता तर तो तुटून बार लोंबला असता. जाड पत्र्याचे किंवा बिलेटचे मजबूत ब्रॅकेट मिळतात, ते नको असतील तर मग २० मिमीवर थांबा.

करायच्या आदल्या रात्री, जमलं तर आदले दोन दिवस, सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मिठाच्या राज्यात हे वगळलंत तर एंड लिंकचा बोल्ट पाना लावताच मोडणार हे धरून चाला. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना ठोकळे, मागून डिफरन्शियलखाली ट्रॉली जॅक लावून उचला आणि दोन्ही बाजूंना जॅक स्टँड द्या, जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही म्हणजे नाही. मागची दोन्ही चाकं एकदम वर हवीत किंवा दोन्ही रॅम्पवर. एकच बाजू उचललीत तर बार पिळलेला राहतो आणि शेवटचा बोल्ट निघताच ताडकन उसळतो, हात असेल तिथे लागतो. मग १४ च्या पान्याने एंड लिंक सोडवा, लिंकसोबत आतला भाग पण फिरायला लागला तर मागून दुसऱ्या पान्याने धरा, नंतर दोन्ही ब्रॅकेट, आणि बार एका बाजूने तिरका करून निघतो. पहिल्यांदा करणाऱ्याला दोन तास, गंज असेल तर अख्खी दुपार.

नवीन बारवर पॉलियुरेथेनचे बुश येतात, त्यांना आतून नीट ग्रीस लावा आणि ते सोबत आलेलंच किंवा सिलिकॉन बेसचं लावा. बुशच्या आतल्या बाजूला खाचा असतात, त्या बोटाने भरून घ्या, नुसतं वरून फासून उपयोग नाही. कोरडा राहिला तर थंडीत प्रत्येक स्पीड ब्रेकरवर जुन्या वाड्याच्या दारासारखा करकरतो. बार बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने लावा, बार मधोमध आहे ना, दोन्हीकडून सारखं अंतर आहे ना ते बघा, आणि एंड लिंक गाडीचं वजन चाकांवर आल्यावर घट्ट करा. टॉर्कचा आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, एंड लिंक आणि ब्रॅकेटचे आकडे वेगळे असतात, अंदाजाने आवळू नका.

बारच्या टोकाला दोन-तीन भोकं असतात. बाकाकडचं भोक, म्हणजे ज्याने आर्म आखूड होतो ते कडक, आणि टोकाचं मऊ. सुरुवात मऊवर करा. दोन्हीकडे एकच भोक हे सांगायची गरज नसावी पण मी एकाच्या गाडीत डावीकडे मऊ आणि उजवीकडे कडक बघितलंय म्हणून सांगतो. दोन आठवडे चालवा, पावसात पण, मग वाटलं तर पुढचं भोक.

इथे बरेच जण थांबू शकतात, खरंच. एवढ्यात गाडी निम्मी बदललेली असते.

यानंतरचं काम म्हणजे स्ट्रट (ज्यावर स्प्रिंग बसतो तो शॉकॲब्जॉर्बर) आणि स्प्रिंग. स्ट्रटमधून तेल गळत असेल, किंवा खड्ड्यानंतर गाडी दोनदा-तीनदा हलत राहत असेल तर बदलायचेच आहेत, मग त्याच वेळी थोडे कडक स्प्रिंग टाका. पण खाली किती न्यायची इथे हात आवरा. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, आणि गाडी जास्त खाली आणली की खालचा आर्म बाहेरच्या टोकाला वर तिरपा होतो, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं, म्हणजे गाडी उलट जास्त झुकू पाहते, आणि वर वळणात मिळणारा कॅम्बरही (चाकाचा वरून आत झुकलेला कोन) जातो. दिसायला खतरनाक, चालायला वाईट. दोन-अडीच सेंटीमीटरच्या पुढे जायचं असेल तर रोल सेंटर करेक्शनचे बॉल जॉइंट लागतात, तो वेगळा खर्च. शिवाय वॅगन आहे, मागे सामान भरल्यावर स्ट्रट बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) टेकला की मागचं टोक एकदम दगडासारखं कडक होतं, तेही नेमकं वळणात. मी केवायबीचे स्ट्रट आणि जेमतेम २० मिमी खाली जाणारे स्प्रिंग घेतले, मागच्या सीटवरून अजून तक्रार आलेली नाही. कोनी, बिलस्टाइन हेही चांगले, फक्त स्प्रिंग जेवढा कडक तेवढी डॅम्पिंग त्याला पेलणारी हवी, जुन्या थकलेल्या स्ट्रटवर नवीन कडक स्प्रिंग म्हणजे गाडी होडीसारखी डोलणार.

काम कसं, ते थोडक्यात. पुढे नकलला (चाकाचा हब धरणारा भाग) दोन १९ चे बोल्ट, त्यातला वरचा कॅम्बरचा, त्याचं डोकं पांढऱ्या पेंटने खूण करूनच सोडा. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून मोकळी करा, हब होजवर लोंबू देऊ नका, तारेने बांधा. वरचे तीन १२ चे नट शेवटी. मागे वॅगनमध्ये वरच्या नटपर्यंत पोचायला डिकीतलं प्लास्टिक ट्रिम बाजूला करावं लागतं, क्लिपा मोडतात, चार-पाच जास्तीच्या आणून ठेवा. स्प्रिंग सोडवायचं काम मात्र धड कॉम्प्रेसर नसेल तर घरी करूच नका, स्ट्रट खोलून घेऊन कुठल्याही वर्कशॉपला द्या, दाबलेला स्प्रिंग सुटला तर माणूस जातो. वरच्या स्प्रिंग सीटवर ‘आउट’ असं कोरलेलं असतं, ती बाजू बाहेर.

आणि एक गोष्ट, जी मला एका वर्कशॉपने न करून दाखवली. कंट्रोल आर्मचा बुश बोल्ट गाडी हवेत लटकत असताना घट्ट केला तर बुश त्या स्थितीत गोठतो, गाडी खाली आली की तो कायम पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. माझे नवीन बुश असेच अकरा महिन्यांत गेले. गाडी चाकांवर उभी असताना, वजन पूर्ण आल्यावर, तेव्हाच शेवटचं आवळायचं. दुसऱ्याकडून करून घेत असाल तर समोर उभं राहून बघा.

त्यानंतर अलाइनमेंट, हे ऐच्छिक नाही. रोजच्या गाडीला मी पुढे उणे १.५ अंश कॅम्बर, मागे त्याहून थोडा कमी, टो (वरून बघितलं तर चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते) दोन्हीकडे शून्याच्या जवळ ठेवतो. सांगितलं नाही तर ते फक्त मशीनवर हिरवं दिसेपर्यंत करतात, म्हणून आकडे कागदावर लिहून द्या आणि शेवटची प्रिंट मागून घ्या. डाव्या-उजव्यात फरक नको.

पुढचा स्वे बार मी अजून बदललेला नाही. तिथे खालचं कव्हर, पुढची प्लेट सगळं काढावं लागतं आणि जागा फार अडचणीची, मिळणारा फायदा मला रस्त्यावर त्या मेहनतीच्या मानाने दिसत नाही. ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत कोन लावून घड्याळाविरुद्ध चालवायची स्पर्धा) नियमित करत असाल तर वेगळा हिशोब.

झाल्यावर पहिल्यांदा रिकाम्या पार्किंगमध्ये हळू चालवा, खिडक्या खाली, रेडिओ बंद. टक्‌ आवाज आला तर बहुतेक वेळा एंड लिंकचा नट, करकर आली तर ग्रीस. शंभर-दीडशे मैलांनी परत खाली जाऊन सगळ्या बोल्टवर टॉर्क रेंच फिरवा, आणि ब्रॅकेटच्या दुमडीवर बॅटरी मारा. मी आता दर वेळी ऑइल बदलताना मारतो, अर्धा मिनिट लागतो. नवीन सेटिंगवर पहिल्या पावसात वळणामध्ये ॲक्सिलरेटर एकदम सोडू नका, पूर्वी नाक सरकायचं तिथे आता मागचं टोक फिरतं, आणि पायाला ती सवय व्हायला एक-दोन महिने जातात.